सगळे जाधव एकाच रक्ताचे?

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली त्यांचं निधन झालं. त्यांचं सिंदखेडच्या जाधवरावांचं घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडतं. मग आजचे सगळे जाधव यादवांचे वंशज म्हणायचे का?

याचा माग काढायला वाय गुणसूत्र कामी येऊ शकतं, कारण ते आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. पिढ्या सरतात तसे त्यात किरकोळ बदल साचतात. दोन पुरुषांच्या वायमधले फरक मोजले की समान पूर्वज किती मागे असावा, याचा अंदाज बांधता येतो. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांना ब्रिटनमधल्या दुर्मीळ आडनावांत वाय बरंच जुळलेलं दिसलं. स्मिथसारख्या सर्रास आडनावात नाही. जाधव म्हणजे आपले स्मिथच! मराठा, बौद्ध, बंजारा, कितीतरी समाजांत ते सापडतात. त्यात दत्तक घेतलं की आडनाव नव्या घराचं, वाय मात्र जन्मदात्याचं.

शिवाय दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय त्यातल्या एकाचीच खबर देतं. आज्या-पणज्यांबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा थुंकीच्या डीएनए चाचणीवरून राजवंश शोधण्याआधी, घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्या, दारी येणाऱ्या हेळव्याला चोपडी उघडायला सांगा. निदान नावं तरी कळतील.