उतारशाळेत जागा नाही!

२५ डिसेंबर म्हणजे आमच्या घरी मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली विषमतेचा तो ग्रंथ जाळण्यात आला. सकाळी सहकुटुंब विहारात जायचे, हा आमचा नेम. गेल्या वर्षी त्याच दिवशी संध्याकाळसाठी नगरहून (आताचे अहिल्यानगर) आमच्या चुलत आत्यांचे बोलावणे आले. चर्चच्या मैदानावर नाताळचे नाटक होते आणि त्यात त्यांचा नातू काम करणार होता.

शेजारी म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तिथे कशाला जायचे?"

प्रश्न रास्त होता. पण नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुढे जिल्ह्यातली कितीतरी महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. आत्यांचे घर त्यांपैकीच. आमच्या घराने १९५६ नंतर धम्म स्वीकारला. एकाच महारवाड्यातून या दोन वाटा निघाल्या. देव मानायला नव्हे, नात्याला भेटायला म्हणून आम्ही गेलो.

मेंढपाळ झालेली पोरे घोंगड्या पांघरून आली. मागी लोकांनी आपले मराठी फेटे बांधले होते. एक खरे करडूही होते, ते सारखे मंचावरून पळत होते. मग दिवस भरलेल्या मरीयेला घेऊन योसेफ दारोदार फिरू लागला. आत्यांचा नातू उतारशाळेचा मालक झाला होता. लूकच्या शुभवर्तमानात हे पात्र नाही. उतारशाळेत जागा नव्हती, एवढाच उल्लेख आहे. पोरगा कमरेवर हात ठेवून खेकसला, "जागा नाही! पुढे व्हा!"

लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. आडनाव ऐकताच "खोली गेली" म्हणणारे घरमालक आम्हीही पाहिले आहेत.

रात्री करंज्या वाढताना आत्या म्हणाल्या, "१९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शिखांना मिळाला, १९९० ला तुम्हा बौद्धांना. आम्ही अजून दाराबाहेरच. आम्ही धर्म बदलला, पण गाव आमची जात विसरले का रे?"

आमच्यातले काही जण म्हणतात, वाटेकरी वाढले तर आपला वाटा घटेल. ही भीती खोटी नाही. पण त्यासाठी वाटा वाढवून मागावा, एकजुटीने लढावे. चौतीस वर्षे दाराबाहेर थांबून १९९० साली आपण आत आलो. आता मागच्यांना "जागा नाही" असे आपण म्हणायचे का? बंधू-भगिनींनो, याचा विचार घरोघरी व्हावा.

जयभीम!