थंडीत गाडीने कोकणात निघताय? टायरच्या या तीन गोष्टी बघा

डिसेंबरच्या पहाटे गारठ्यात चाकण किंवा पिंपरी-चिंचवडहून निघालेली गाडी ताम्हिणी घाट उतरून दुपारी कोकणच्या उकाड्यात पोहोचते. त्यासाठी वेगळे 'विंटर टायर' हवेत का? नाही. ते बर्फासाठी असतात, तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजतात.

मग काय बघायचं?

तारीख: टायरच्या कडेवर '२३१९' असेल, तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. जुनं रबर कडक होतं, त्याला तडे जातात.

नक्षी: खाचा १.६ मिमीपर्यंत झिजल्या की टायर बदला.

हवा: निघण्याआधी, टायर थंड असतानाच तपासा. दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळा. वाटेत टायर तापून दाब वाढतो, तेव्हा हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आणखी तापतो आणि फुटू शकतो.

स्टेपनीही विसरू नका!