मोबाईलवर पाऊस, शेतात कोरडं! हवामानाचा मेसेज नेमका कसा वाचायचा?

‘जळगाव, धुळे जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ असा मेसेज गावाच्या ग्रुपवर पडतो. कोणी फवारणी थांबवतं, कोणी घाईघाईत कपाशीला खत देऊन मोकळं होतं. संध्याकाळी शेजारच्या गावात नाले वाहतात आणि आपल्या शिवारात थेंबही नाही. मग पारावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘हवामानवाल्यांचं काही खरं नाही.’

अंदाज कधी कधी चुकतो, हे खरंच. पण बऱ्याचदा त्यातल्या शब्दांचा अर्थच आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. त्यातून पेरणी, फवारणी आणि पीक विमा, तिन्हीकडे फटका बसतो.

‘तुरळक’ म्हणजे कमी पाऊस नव्हे

‘तुरळक’ हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही. तो किती ठिकाणी पडेल, एवढंच सांगतो. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्याच्या वर ‘बहुतेक सर्व ठिकाणी’.

म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज असेल, तर शंभरातल्या ७५ किंवा त्याहून जास्त ठिकाणं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. आणि ज्या गावात तो पडेल, तिथे धो धो सुद्धा पडू शकतो.

जिल्ह्याचा पसाराही लक्षात घ्या. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. रावेर ते चाळीसगाव अंतर शंभर किलोमीटरहून जास्त भरतं. धुळे जिल्ह्यात चारच तालुके, पण साक्रीतलं डोंगराकडचं पिंपळनेर आणि कोरडवाहू शिंदखेडा यांचा पाऊस सारखा नसतो. जिल्ह्याला एकच वाक्य असलं, की कोणाला तरी ते लागू पडणार नाहीच.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

गावाचा अंदाज गावात मोजलेला नसतो

२४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवर हवामान अंदाज देण्याची सेवा देशात सुरू झाली. ‘मेरी पंचायत’ ॲपवर तो बघता येतो. हवामान विभागाच्या ‘मौसमग्राम’ संकेतस्थळावरही आपल्या भागाचा अंदाज मिळतो. पहिल्या ३६ तासांचा अंदाज तासातासाला दिलेला असतो, पुढे १० दिवसांपर्यंतचा दिसतो.

हा अंदाज संगणक काढतो. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केली. त्यात जमिनीचे सुमारे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित केलं जातं. आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. सुधारणा मोठी आहे, पण एका चौकोनात अजूनही दोन-चार गावं येतात. त्यामुळे पुढच्या एक-दोन दिवसांच्या कामासाठी हा अंदाज वापरा. दहाव्या दिवसाच्या आकड्यावर बियाण्याची पिशवी फोडू नका.

मधला माणूस कमी झाला

‘पाऊस येणार’ हे कळल्यावर ‘मग मी काय करू?’ हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी कृषी हवामान सल्ला असतो. तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि २०१९ मध्ये आलेल्या ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो.

२०१८ पासून देशातल्या अनेक कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली गेली. तिथले तज्ज्ञ स्थानिक पिकं बघून सल्ला लिहीत. अशी १९९ केंद्रं होती. २०२३-२४ चं आर्थिक वर्ष संपताना ती बंद करण्यात आली. ॲप राहिलं, पण केळीच्या बागेत उभं राहून बोलणारा माणूस कमी झाला. म्हणून शंका असेल तर ममुराबाद किंवा पाल इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावं.

पैसे मोजमापावर ठरतात

अंदाज वेगळा आणि मोजमाप वेगळं. विमा आणि सरकारी मदत अंदाजावर मिळत नाही, मोजलेल्या आकड्यावर मिळते.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. राज्यात ती दोन हजारांहून जास्त आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद ती आपोआप करतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की ती अतिवृष्टी धरली जाते.

केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट हे धोके असतात. समजा, थंडीत तापीकाठच्या एका बागेत पारा पार खाली गेला, पानं पिवळी पडली, घड अडकले. पण मंडळाच्या केंद्रावर पारा दोन अंश वर राहिला, तर तापमानाची अट पूर्ण होत नाही आणि भरपाई अडते. म्हणून केंद्र कुठे आहे, झाडाच्या सावलीत किंवा भिंतीच्या आडोशाला तर नाही ना, चालू आहे ना, हा सगळ्या गावाच्या पैशाचा प्रश्न आहे. बंद केंद्राची तक्रार हंगाम चालू असतानाच तहसील आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी. नुकसान झाल्यावर ते सिद्ध करणं अवघड जातं.

आपला पाऊस आपण मोजा

सरळ उभ्या भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं उघड्या जागेवर ठेवा. झाड, छप्पर जवळ नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. हवामान विभागाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी.

ही वही विम्याला पुरावा म्हणून चालेलच असं नाही. पण पेरणीला ती फार कामाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. तो आकडा आपल्या शिवारात झाला की नाही, हे जिल्ह्याच्या सरासरीतून कळत नाही. एका चुकलेल्या पेरणीत बियाणं, खत आणि मजुरी तिन्ही जातात.

एवढं करा

- फवारणी, खत, काढणी: आदल्या रात्री आणि सकाळी तासातासाचा अंदाज बघा.
- आभाळ गडगडलं: ‘दामिनी’ ॲप आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधली वीज दाखवतं. झाडाखाली थांबू नका.
- गारपीट, वाऱ्यानं केळी पडली: ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
- विमा भरण्याआधी: किती अंश, सलग किती दिवस आणि कोणत्या केंद्राचा आकडा धरणार, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात वाचून घ्या.
- ग्रुपवर आलेला मेसेज: तारीख आणि जिल्हा बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. मागच्या वर्षीचा पाऊसही फिरत असतो.