तपकिरी कुत्रा आणि वैद्यकाचा वर्ग

वैद्यकीय शिक्षणात जिवंत प्राणी वापरले जात, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं आणि कायदाही नव्हता, असं सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये असा कायदा १८७६ सालीच झाला. वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी प्राण्याला भूल देणं सक्तीचं होतं. निव्वळ हात बसावा म्हणून शस्त्रक्रिया करायला तर मनाईच होती.

हा कायदा असतानाच फेब्रुवारी १९०३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवणाऱ्या विल्यम बेलिस यांनी सुमारे ६० विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्याची मान उघडली. दोनच महिन्यांपूर्वी याच कुत्र्याच्या पोटावर त्यांचे सहकारी अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी शस्त्रक्रिया केली होती. लाळेचा दाब रक्तदाबावर अवलंबून नसतो, हे बेलिसना दाखवायचं होतं. अर्धा तास मज्जातंतूला विजेचे झटके देऊनही ते दाखवता आलं नाही.

या प्रात्यक्षिकाविरुद्ध तक्रार करणाऱ्यांना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, हा आणखी एक गैरसमज. लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्टाऊ या स्वीडिश तरुणी स्वतः लंडनमध्ये वैद्यक शिकत होत्या. प्राणिप्रेमींमध्येही एक गैरसमज आहे: क्रौर्य न्यायालयात सिद्ध झालं. तसं झालं नाही. कुत्रा शुद्धीवर होता असा जाहीर आरोप करणारे स्टीफन कोलरिज बदनामीचा खटला हरले आणि त्यांना २,००० पौंड भरपाई द्यावी लागली.

मला भुलीपेक्षाही मोठा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. संशोधक निदान माहीत नसलेलं शोधत असतो. वर्गात मात्र पुस्तकात छापलेलं उत्तरच पुन्हा दाखवायचं असतं. त्यासाठी जीव का घ्यायचा?

पर्याय संगणकानेच दिले, हेही खरं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सरावाचाच आहे. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, काकडी. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. शिरावेधासाठी कमळाचे देठ आणि जनावरांच्या शिरा, पण मेलेल्या जनावरांच्या.

आपला कायदाही गप्प नव्हता. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर वैद्यकीय महाविद्यालयांनी प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १७ वं कलम सांगतं. फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत बेडूक मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिले. पदवीच्या अभ्यासक्रमात त्यांच्या जागी संगणकावरचे पाठ घ्यावेत, असा नियम मेडिकल कौन्सिलने केला तो २०१४ साली.