दाहशामक औषधे आणि कर्करोग
अ‍ॅस्पिरिनसारखी दाहशामक औषधे सायक्लोऑक्सिजनेज (कॉक्स) या विकराचे कार्य रोखतात. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्कगाठींत त्याचा कॉक्स-२ हा प्रकार वाढलेला असतो. त्यातून निर्माण होणारे प्रोस्टाग्लँडिन ई२ पेशीविभाजनास आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांच्या वाढीस चालना देते. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाच्या ८६१ व्यक्तींवरील चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किमान दोन वर्षे घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला. मात्र हा फरक काही वर्षांनीच दिसला.

हा लाभ सरसकट गृहीत धरता येत नाही. रोफेकॉक्सिब आतड्यातील गाठी टाळते का, हे तपासतानाच हृदयविकाराचा झटका व पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले आणि २००४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. वृद्धांवरील एका मोठ्या चाचणीत तर अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्येच कर्करोगाने झालेले मृत्यू अधिक होते.