घर दुमजली, कागद एकमजली
गावाकडं माणूस घर एका दमात बांधत नाही. एका वर्षी पाया, ऊस गेला की भिंती, पोरगं नोकरीला लागलं की स्लॅब आणि लेकीच्या लग्नाआधी वरच्या दोन खोल्या. त्यासाठी कर्जही काढलेलं असतं. पुढं कुणीतरी सांगतं, दुसरी बँक कमी व्याजानं देते, कर्ज तिकडं वर्ग करून घ्या. अर्ज होतो, कागद जातात, बँकेने पाठविलेला मूल्यांकनकार अर्ध्या तासात घर पाहून जातो. आठवड्याने निरोप येतो, "घराची किंमत बसत नाही."

मग पारावर एकच विषय. "वीस लाख घातले अन् साहेब म्हणतो तेराच लाखांचं!" राग साहजिक आहे, पण बँकेच्या दारात रागाला किंमत नाही. तिथं चालतो तो कागद. आणि बहुतेक वेळा घोटाळा कागदातच सापडतो.

किंमत ठरते कशी?

गावातल्या घराचं मूल्यांकन साधारण दोन हिश्श्यांत होतं. जागेची किंमत वेगळी आणि बांधकामाची वेगळी. जागेसाठी आसपासचे खरेदीखताचे व्यवहार आणि नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडीरेकनर, पाहिला जातो. बांधकामासाठी क्षेत्रफळाला आजच्या खर्चाच्या दराने गुणतात आणि घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. खाली ७०० चौरस फूट, वर ५०० चौरस फूट, बांधकामाचा दर फुटाला १,५०० रुपये. एकूण झाले १८ लाख. दहा वर्षांचा घसारा १५ टक्के धरला तर राहिले १५ लाख ३० हजार. जागेचे ४ लाख मिळवून किंमत १९ लाख ३० हजार. बँकेने यावर ७५ टक्के कर्ज द्यायचे ठरविले, तर साडेचौदा लाखांच्या आसपास मिळतात. जुनी बाकी १२ लाख असेल तर काम झाले.

आता वरचा मजला हिशेबात धरलाच नाही असे समजा. किंमत येते १२ लाख ९२ हजार ५०० आणि कर्ज बसते ९ लाख ७० हजारांपर्यंत. बाकी फिटत नाही, अर्ज परत. घर तेच, गाव तेच, माणूस तोच. १२ लाखांचं कर्ज पंधरा वर्षांसाठी ११ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी मिळालं, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,४७० रुपयांनी उतरतो. पंधरा वर्षांत ही रक्कम अडीच लाखांच्या वर जाते. एक मजला कागदावर नसल्याची ही किंमत आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. मात्र ही वरची मर्यादा आहे. गावातल्या घराला बँका याहून कमीच टक्के लावतात, कारण उद्या घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक किती मिळणार, हाही विचार त्यांना करावा लागतो.

नमुना आठ पाहिला का?

मूल्यांकनकार घर डोळ्यांनी पाहतो, पण मोजतो ते बहुधा कागदावर आहे तेवढंच. गावठाणातल्या घरासाठी मुख्य कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे कर आकारणीचा उतारा. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोघांत गल्लत करू नये.

इथं एक कडू गोष्ट बोलायला हवी. घरपट्टी वाढेल म्हणून वरच्या मजल्याची नोंद न करणारे प्रत्येक गावात आहेत. मातीचं घर पाडून स्लॅब टाकला, तरी उताऱ्यावर "दगड-माती, कौलारू" तसंच राहतं. घरपट्टीत वर्षाला काहीशे रुपये वाचतात आणि कर्जाच्या वेळी लाख अडकतात. बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वर्ष हे तिन्ही उताऱ्यावर बरोबर आहेत का, हे अर्जाआधीच पाहावे. चूक असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत ग्रामसेवकाकडे, दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बांधकाम परवानगीचा कागद असल्यास जपून ठेवावा. परवानगी नसलेला भाग बँक किमतीत धरेलच असं नाही.

दुसरा कागद मिळकत पत्रिकेचा. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि भूमी अभिलेख खात्यामार्फत गावोगाव मोजणी होऊन पत्रिका मिळू लागल्या. जागा किती आणि कुणाच्या नावावर, हे त्यातून नकाशासह दिसतं. आपल्या गावची पत्रिका तयार असेल तर ती काढून घ्यावीच. नकाशा चौरस मीटरमध्ये असतो, आपण बोलतो गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. या बदलात चूक झाली तर जागेची किंमतही चुकते.

हरकत कशी घ्यावी?

आधी शाखेकडून मूल्यांकनाचे आकडे मागावेत. अहवाल बँकेसाठी तयार झालेला असल्याने प्रत द्यायला काही शाखा खळखळ करतात. निदान क्षेत्रफळ किती धरलं, वय किती धरलं, जागेचा दर काय लावला, एवढं तरी विचारावं. कर्ज नाकारलं तर त्याची मुख्य कारणं बँकेने लेखी द्यायची असतात, हे लक्षात असू द्यावे.

मग एका पानाचा अर्ज. "किंमत कमी आली" एवढंच लिहून भागत नाही. "वरच्या मजल्याचे ५०० चौरस फूट धरलेले नाहीत, सोबत दुरुस्त उतारा व फोटो जोडले आहेत" असं मुद्देसूद लिहावं. जवळच्या तशाच घराचा अलीकडचा नोंदणीकृत व्यवहार माहीत असेल तर त्याची सूची-२ जोडावी. शेवटी मूल्यांकन दुरुस्त करावे किंवा बँकेच्या यादीतील दुसऱ्या मूल्यांकनकाराकडून पुन्हा करावे, अशी विनंती करावी. दुसऱ्या फेरीची फी बहुधा आपल्याच खिशातून जाते, ती आधी विचारून घ्यावी. बाहेरच्या मूल्यांकनकाराचा स्वतः आणलेला अहवाल मानणे बँकेवर बंधनकारक नसते.

लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनी असेल तर दाद राष्ट्रीय आवास बँकेकडे मागावी लागते. मात्र कुणाला किती कर्ज द्यावं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. कारण सांगितलं नाही, तक्रारीची दखल घेतली नाही, अशा सेवेतल्या त्रुटीपुरतीच ही वाट आहे.

आणि मूल्यांकन खरोखर बरोबर निघालं तर? घातलेला खर्च आणि विकून येणारी किंमत गावात सहसा जुळत नाही, हे मान्य करावं लागतं. अशा वेळी आपल्याच बँकेत चौकशी करावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. आपलं कर्ज त्याआधीचं, जुन्या पद्धतीच्या व्याजावर असेल, तर थोडं शुल्क भरून नव्या दरावर येता येतं का, ते विचारावं. त्यासाठी कर्ज दुसरीकडं न्यायची गरज नाही.

घरपट्टीची पावती घ्यायला ग्रामपंचायतीत जाणं होतंच. त्याच फेरीत नमुना आठ मागून घ्यावा आणि घरी आणून एकदा टेप लावून ताडून पाहावा.