मस्टँगचं टोकन द्यायच्या आधी: सायलेन्सरचे चार लाख कशाचे?

(भागाचं लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अं" कमी केलेत.)

औशाहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय. "दादा, पुण्यात २०१७ची मस्टँग बघितलीय. मालक म्हणायलाय, एक्झॉस्ट, रीमॅप, अलॉय मिळून सहा लाखाचं काम केलंय, म्हणून चार लाख जास्त. रविवारी टोकन द्यायचंय. देऊ का?" मागून बुलेटचा फाट-फाट आवाज येतोय, म्हणजे माणूस आपलाच.

भावा, थांब. आधी किमतीचं बघू.

फोर्डनं मस्टँग भारतात आणली जुलै २०१६ला, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाखांना. तेव्हा अमेरिकेत व्ही८ इंजिनची जीटी ३२-३३ हजार डॉलरपासून मिळायची, म्हणजे आपले बावीस लाख धर. बाकीचे कुठे गेले? गाडी तयार होऊनच जहाजातून यायची, आणि एवढ्या मोठ्या इंजिनवर कस्टम ड्युटीच १०० टक्के. वरून इतर कर, जास्तीचे फीचर, वाहतूक, डीलर. तू जुन्या गाडीला जे मोजणार, त्यातला बराच भाग कुणीतरी आधीच भरलेला कर आहे.

मग जुनी झाल्यावर भाव धाडकन पडायला पाहिजे ना? विम्याच्या तक्त्यात पडतोच, पाचव्या वर्षी आयडीव्ही निम्म्यावर येते. बाजारात मात्र तेवढा पडत नाही, कारण माल मोजकाच. त्यात २०२१च्या सप्टेंबरमध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशी गाडी घेणारा माणूस कंपनीतून आली तशीच शोधतो. त्याला दुसऱ्याच्या हौसेचे पैसे द्यायचे नसतात.

आता रीमॅप. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून यावर जरा जास्त बोलणार. इथल्या जीटीला ४०१ पीएस, अमेरिकेतल्या त्याच इंजिनला ४३५ हॉर्सपॉवर. रीमॅपवाला म्हणतो, "दाबून ठेवलेली पॉवर मोकळी करतो." तो ईसीयूमध्ये ठिणगी पडायची वेळ अलीकडे आणतो. पण हे जमायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. एक्सपी १०० डिसेंबर २०२०मध्ये ज्या दहा शहरांत आलं, त्यात पुणे होतं, नांदेड-लातूर नव्हतं. कमी ऑक्टेनचं भरलंस की इंजिनात नॉकिंग सुरू होतं. सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी परत मागे ढकलतो. गेली की पॉवर! आणि रीमॅपवाल्यानं सेन्सरची ही सोयच ढिली केली असेल, तर पिस्टनवर येतं. कोडमध्ये जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं, पिस्टनमध्ये नाही.

कायदा तर आहेच. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेच्या पलीकडे गाडी बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ म्हणतं, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि गाडी पकडतात तेव्हा मालक म्हणून तू उभा असतोस, पुण्याचा तो माणूस नाही. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील, तर क्लेमच्या वेळी तीही हात वर करू शकते.

आपल्यातले किती जण मस्टँग घेणार म्हणा! पण एमएच २६ची थार असो की एमएच २४ची स्कॉर्पिओ, हिशोब हाच.

तर रविवारी जा, पण टोकन खिशातच ठेव. ओरिजिनल एक्झॉस्ट आणि रिम जपून ठेवलेत का विचार. असतील तर "सगळं स्टॉकवर करून द्या, मग भाव बोलू" म्हण. नसतील तर ते मागवायचा खर्च किमतीतून वजा करायचा. चार लाख वाढवून द्यायचा विषयच नाही. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. आरसीवर बँकेचा एचपी दिसला, तर एनओसी आणि फॉर्म ३५ बघितल्याशिवाय एक रुपया नाही.

आणि मालक स्टॉकवर करायला तयार झाला की नाही, ते सोमवारी नोट टाकून कळव. बुलेट बंद करून!